थोरल्या जावयाने घासलेला कॅम

सूतभर हे त्याचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नको. शाफ्ट घासण्याच्या त्याच्या कारखान्यात कोणी काम घेऊन आले, की तो हातातला चहा खाली ठेवून आधी वस्तू मोजायचा आणि मग म्हणायचा, "सूतभर फरक आहे." वास्तविक तो फरक सुताच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नसे, पण नाव पडायला तेवढे पुरले, आणि पुढे बायकोच्या माहेरची माणसेही पाठीमागे त्याला सूतभरच म्हणू लागली.

सासऱ्यांकडे चार सिलिंडरची एक जुनी गाडी होती. सासरे, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षे टपालगाडी चालवून निवृत्त झालेले. सूतभरचे लग्न झाल्यापासून बावीस वर्षांत त्या इंजिनाला त्याच्याखेरीज कोणाचा पाना लागला नव्हता. त्याने इंजिनाची स्वतंत्र वही ठेवली होती. व्हॉल्व्हची फट, पिस्टनची झीज, कोणता बोल्ट किती आवळला, सगळे तारीखवार. अण्णा आल्यागेल्याला ती वही दाखवत आणि म्हणत, "आमचे जावईबापू म्हणजे इंजिनाचे डॉक्टर." सूतभर मान खाली घालून हसे. आपले घरातले स्थान त्या वहीत कायमचे नोंदले गेले आहे, असा त्याचा समज होता.

चार वर्षांपूर्वी धाकट्या मेहुणीचे लग्न झाले आणि त्या समजाला धक्का बसला.

धाकटा जावई गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवी. मोजमापाशी त्याचे सख्य नव्हते. "अंदाजे" हा त्याचा लाडका शब्द. पण तो दारात आला की घर हसू लागे. दुसऱ्याच भेटीत अण्णा त्याला "अरे लेका" म्हणाले आणि चौथ्या भेटीत त्याच्या पाठीत धपाटा घालून मोकळे झाले. सूतभरच्या पाठीवर बावीस वर्षांत कोणाचा हात पडला नव्हता. हे त्याने बायकोजवळ एकदाच बोलून दाखवले.

"तुम्हाला धपाटा हवाय का?" तिने विचारले.

"तसं नाही."

"मग कसं?"

त्याने जेवता जेवता ताटातल्या चमच्याचा बाक तपासला आणि विषय बदलला.

अण्णांचा जुन्या गाडीवाल्यांचा एक कंपू होता. दर रविवारी सकाळी ही मंडळी रांगेने तलावाच्या टेकडीवर जात. शेवटच्या वळणानंतरचा चढ उभा होता. तिथे अण्णांची गाडी धापा टाकू लागे, आणि मागचे सगळे हात हलवत पुढे निघून जात. अण्णांच्या ते मनाला लागे. पण ही तक्रार त्यांनी सूतभरकडे केली नाही. ती त्याला कळली बायकोच्या फोनवरून. बहिणीशी बोलणे झाल्यावर ती सहज म्हणाली, "अण्णांच्या गाडीला नवे रॉकर बसवायचं ठरतंय म्हणे."

"कोणी ठरवलं?"

"कोणी म्हणजे, त्या दोघांनी."

सूतभरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या तासात तो अण्णांच्या दारात उभा होता. गाडीचे बॉनेट उघडे होते. त्याच्या इंजिनावर साडू दोन्ही कोपरे टेकून वाकला होता.

"या जावईबापू," अण्णा म्हणाले. "हा बघा काय डोकं चालवतोय."

"फार काही नाही भाऊजी. कॅमला हात लावायचाच नाही. वरचे रॉकर तेवढे बदलायचे. आत्ताचे सव्वापट उचलतात, नवे दीडपट उचलतील. व्हॉल्व्ह जरा जास्त उघडेल, श्वास मोकळा होईल. एका दुपारचं काम."

"सव्वापट नाही. एक पूर्णांक चोवीस शतांश. वहीत आहे."

"म्हणजे अंदाजे सव्वाच की!"

अण्णा खळखळून हसले. सूतभरला ते हसणे करवतीसारखे लागले.

कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे त्यावरचे उंचवटे ठरवतात. रॉकर ही वरची तराजूसारखी कांडी. ती उंचवट्याची उचल वाढवून व्हॉल्व्हपर्यंत पोचवते. जुना, शांत स्वभावाचा कॅम तसाच ठेवून केवळ उचल वाढवली, तर कमी वेगातली ओढ जात नाही, उलट थोडी सुधारते. साडूचा सल्ला बरोबर होता आणि सूतभरला तो ऐकताक्षणीच पटला होता. हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. कारण तोंडाने तो निराळेच बोलला.

"रॉकर ही मलमपट्टी झाली," तो म्हणाला. "दुखणं पोटात आणि लेप कपाळाला! करायचं तर कॅमच करायला हवा. मी घासतो."

"पण भाऊजी, अण्णांना काय शर्यत लावायचीय?"

"हे इंजिन कोण ओळखतं? तुम्ही की मी?"

अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग अण्णा म्हणाले, "जावईबापू म्हणतात तर तसंच होऊ दे."

साडूने हात पुसले. "बरं बाबा. डॉक्टरांपुढे कंपाउंडर काय बोलणार!"

पुढचे तीन आठवडे अण्णांची गाडी उघडून ठेवून सूतभर आपल्या कारखान्यात एका सुट्या शाफ्टवर राबला. शहाण्या माणसाने सौम्य कॅम घासला असता. पण सौम्य कॅमचा फरक कानाला कळत नाही, आणि सूतभरला कानाला कळणारा फरक हवा होता. त्यातही विशिष्ट एका माणसाच्या कानाला. म्हणून त्याने व्हॉल्व्ह बराच जास्त वेळ उघडे ठेवणारा साचा निवडला. असा कॅम मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर जागा होतो आणि त्याखाली पेंगतो, हे त्याला पाठ होते. ते त्याने वहीत लिहिले नाही. मूळ कॅम मात्र तेलकट कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून, आणि कॅमवर टेकून हलणारे आठही टॅपेट क्रमवार लावून जपून ठेवले. चूक करतानाही त्याची शिस्त सुटली नव्हती.

"माझ्या वडिलांची गाडी आहे ती, विमान नाही," बायको म्हणाली.

"तुझ्या मेहुण्याने पढवलंय का हे?"

"माझ्या डोळ्यांनी पढवलंय. तीन आठवडे तुमचा चेहरा बघतेय मी."

इंजिन सुरू झाले, तेव्हा दोन घरांपलीकडचे शेजारी बाहेर आले. जागच्या जागी उभी गाडी धडधडे, अडखळे, पुन्हा धडधडे. बॉनेट थरथरत होते. साडूने शीळ घातली. "भाऊजी, हा तर वाघ पाळलात!" त्या एका वाक्याने सूतभरचे पोट दोन दिवस भरलेले राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचणीसाठी अण्णा आणि तो टेकडीकडे निघाले. साडू दुकानात होता. सूतभर पुढच्या सीटवर बसला, तेव्हा सीट इतकी मागे सरकवलेली होती की त्याचे पाय समोर टेकेनात. साडूच्या लांब तंगड्यांचे ते माप. समोरच्या खणात साडूचा उन्हाचा चष्मा होता आणि खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पुडी. सूतभरने खटका ओढून सीट पुढे घेतली, आणि त्याच वेळी त्याच्या ध्यानात आले की या टेकडीवर तो या गाडीतून कधीच गेलेला नाही. बावीस वर्षांच्या वहीत असंख्य मापे होती. अण्णांच्या शेजारी बसून केलेला एकही प्रवास नव्हता. गाडी त्याच्याकडे यायची, उभी राहायची, दुरुस्त होऊन जायची.

अण्णांनी पहिला गिअर टाकला, लगेच दुसरा, आणि चढ सुरू होण्याआधीच तिसरा. सूतभर कानाने फेऱ्या मोजत होता. दोन हजारसुद्धा नव्हत्या.

"अण्णा, जरा दाबा. अजून वर जाऊ द्या, मग बदला."

"अजून? ओरडतंय की हो ते."

"ओरडू द्या. तिथेच त्याची ताकद आहे."

अण्णांनी दाबल्यासारखे केले. पण चाळीस वर्षे टपाल आणि पेट्रोल दोन्ही सांभाळलेला तो पाय अर्ध्यातून परत आला. गाडी गचके देऊ लागली. दुसरा गिअर. पहिला. शेवटच्या वळणानंतर पन्नास पावलांवर इंजिन बंद पडले. अण्णांनी हँडब्रेक ओढला. हाताने सायकल ढकलत चढणारा एक माणूस त्यांच्याकडे बघत शेजारून पुढे गेला.

"आवाज छान आलाय हं," अण्णा म्हणाले. "दमदार."

सूतभरने त्यांच्याकडे पाहिले. ते खरेच त्याचे मन राखत होते. साडूने हा पराक्रम केला असता, तर त्याला तिथल्या तिथे उतरवून गाडी ढकलायला लावली असती.

"थोडा कार्ब्युरेटर जुळवावा लागेल," सूतभर म्हणाला.

"असेल, असेल. तुम्हाला जास्त कळतं." अण्णांनी काच पुसायला घेतली. "नाहीतरी दर रविवारी जायलाच हवं असं थोडंच आहे?"

"धाकट्याला कसं कळलं? रॉकरच हवेत म्हणून?"

"त्याला कसलं कळतंय! शेजारी बसून माझी चेष्टा करतो झालं. म्हणे, अण्णा, तुम्ही गिअर टाकता की पाळण्यात बाळ ठेवता? म्हणे, या पायाला तिखट कॅम सोसायचा नाही."

म्हणजे साडूने मोजले होते. फक्त इंजिन न मोजता माणूस मोजला होता. तेही हसतखेळत, खोकल्याच्या गोळ्या चघळत. सूतभरला आजवर साडूच्या हशाचा मत्सर वाटे, धपाट्याचा वाटे. आता त्याला या सीटचा मत्सर वाटला, आणि तो आधीच्या सगळ्यांहून जहरी होता. गप्प राहणे सोपे होते. अण्णा कधीच काही बोलणार नव्हते. ते कॅम ठेवतील आणि रविवार सोडतील.

"कार्ब्युरेटर नाही," तो म्हणाला. "कॅमच चुकलाय. घासतानाच मला माहीत होतं."

अण्णांचा हात काचेवर थांबला. "माहीत होतं?"

"हो."

"मग काय झक मारायला घासलात? तीन आठवडे माझी गाडी आतडी काढून ठेवलीत, का, तर त्या पोराचं ऐकायचं नाही म्हणून? पन्नाशीला आलात, अक्कल कुठे गहाण ठेवलीत? वर मला कार्ब्युरेटर सांगताय! उतरा खाली. उतरा आणि ढकला!"

सूतभर उतरला. गाडीचे तोंड उताराकडे वळेपर्यंत त्याने खांदा लावून ढकलले. शर्ट घामाने भिजला, बुटाचा तळ सुटला. अण्णा खिडकीतून डोके काढून त्याला आणखी दोन शेलक्या शिव्या हासडत होते. लग्नानंतर प्रथमच.

दुपारी तो साडूच्या दुकानात गेला. तो काही बोलण्याआधीच साडूने मागच्या फळीवरचा खोका काढून पुढे ठेवला. आठही रॉकर पुसून ठेवलेले होते.

"मी येणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाजे."

सूतभरने दातांवर दात ठेवून खोका उचलला.

जुना कॅम, जुने टॅपेट आपापल्या जागी गेले. नवे रॉकर चढवून त्याने उचल मोजली, आणि महिन्याभरात प्रथमच त्याचा चेहरा उजळला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्याला परत मिटवणाऱ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना जवळजवळ टेकत होती. मध्ये अर्ध्या मिलिमीटरचीही जागा उरत नव्हती. साडू चुकला होता! त्याने तत्काळ फोन लावला.

"तुमच्या अंदाजाने बसवलं असतं तर स्प्रिंग तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर पडला असता."

"असं होय? मग आता?"

"मी हेडमधली स्प्रिंगची बैठक मिलिमीटरभर खोल करतोय."

"तेच म्हणतो ना मी," साडू म्हणाला. "भाऊजी बसवणार, हे धरूनच मी रॉकर सुचवले होते. मी बसवणार असतो तर सुचवले असते का?"

सूतभरने फोन ठेवला. भांडायलासुद्धा जागा न ठेवणाऱ्या माणसाचे करायचे काय, हे त्याला समजेना.

रविवारी तिघे निघाले. साडूने पुढचे दार उघडून धरले. "बसा भाऊजी, मी मागे." ते औदार्य सूतभरला थपडेसारखे लागले. नको म्हणायचे ओठांवर आले होते. तरी तो बसला. अण्णांनी चढाआधीच तिसरा गिअर टाकला, पाळण्यात बाळ ठेवावे तसा. इंजिनाने तक्रार केली नाही. शेवटचे वळण आले, उभा चढ लागला, गाडी त्याच गिअरवर तोल सांभाळत वर सरकत राहिली. सूतभर फेऱ्या मोजत होता; थोड्या वेळाने आपण मोजायचे थांबलो आहोत, हे त्याच्या लक्षात आले.

"इथे आलं की मला ती बकरी आठवते," अण्णा म्हणाले.

मागे साडू आधीच फिदीफिदी हसू लागला.

"कोणती बकरी?" सूतभरने विचारले.

"तुम्हाला नाही माहीत?" अण्णांनी आश्चर्याने मान वळवली.

"अहो भाऊजी, टपालाच्या थैलीत एकदा..." साडू पुढे वाकून सुरू झाला.

"तुम्ही नका सांगू," सूतभर मागे न बघता म्हणाला. "त्यांना सांगू द्या. अण्णा, पहिल्यापासून सांगा."

अण्णांनी पाय सैल केला. मागून एक गाडी हॉर्न वाजवत पुढे गेली; तिच्याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. तिसऱ्या गिअरवर, चालत्या माणसाच्या वेगाने, गाडी चढत राहिली आणि अण्णा सांगू लागले.