मामाजींच्या नाटकाचा बॅकअप

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकाच नाटकात काम केलं, आणि ते नाटक मी फॉरमॅट केलं.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, चिमूरकडच्या एका खेड्यात राहतात. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या जत्रेला, म्हणजे मंडईला, नाटक झालं नाही तर त्या गावाशी कोणी सोयरीक करत नाही. (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.) एका वर्षी खलनायक ऐन वेळी आजारी पडला आणि मामाजी दुष्ट पाटील होऊन स्टेजवर उभे राहिले. त्याची एक सीडी होती. अख्ख्या जगात एकच!

ती सीडी त्यांनी माझ्या हवाली केली. कारण मी आलापल्लीला सरकारी ऑफिसात बाबू, माझ्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि तो मला चालू करता येतो. सासुरवाडीत एवढ्या भांडवलावर माणूस इंजिनिअर ठरतो. मी नाटक घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि सीडी परत देताना ऐटीत म्हणालो, "मामाजी, सीडीचा जमाना गेला जी! फेका आता."

मामाजी काही फेकणाऱ्यातले नाहीत. त्यांनी ती तुरीच्या वावरात दोरीला टांगली, पाखरं हाकलायला.

पुढे आमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. बटण दाबून आंघोळ उरकावी, चहा घ्यावा, तरी पडद्यावर ते चाक फिरतच आहे! शेवटी मी फॉरमॅट मारायचं ठरवलं.

"अवो, बाबाचं नाटक आहे त्याच्यात," वर्षा, म्हणजे आमची बायको, म्हणाली. "दुकानात नेऊन दाखवा ना."

"दुकानात काऊन? मले येत नाई का?"

"येते का?"

या दोन शब्दांनी माझा स्वाभिमान पेटला. आधी बॅकअप! पडद्यावरची झाडून सगळी चित्रं निवडली आणि नव्या पेन ड्राइव्हवर टाकली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम खतम! गावात तांबडं फुटेपर्यंत चाललेलं नाटक, आणि एका चुटकीत कॉपी!

"पाह्यलं? याले म्हणतात पेन ड्राइव्ह!" असं बायकोला सुनावून मी कॉम्प्युटर धुऊन पुसून कोरा करकरीत केला.

थोड्याच दिवसांत मामाजींचा फोन आला. "जवाईबापू, औंदा मंडईत जुन्या कलाकाराईचा सत्कार आहे. माहं नाटक मोठ्या पडद्यावर दाखवतो म्हनते मंडळवाले. घेऊन या बरं!"

"हाव जी, आनतो ना!" म्हणत मी पेन ड्राइव्ह लावला. नाटकाच्या चित्रावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. मग मुकाट्याने कॉम्प्युटर उचलून त्याच दुकानात गेलो, जिथे बायको आधीच जा म्हणत होती.

दुकानदार रफिकभाई पोट धरून हसले. "बाबूजी, तुमी निस्ते शॉर्टकट उचलले! घराची पाटी काढून आनली, अन घर पाडून टाकलं!"

त्यांनी कसलंसं सॉफ्टवेअर लावून उकरून पाहिलं. निघालं काय? 'शुभ सकाळ'वाले गुलाब! आमच्या भाचीच्या मेहुण्याने पाठवलेले, एकही न हरवता, टवटवीत. नाटक मात्र नाही.

वर्षा भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. ती रडली. "त्या एका नाटकावर जगते हो माहा बाप. त्याले का सांगू मी?" मला जेवण गेलं नाही. (एक पोळी गेली, पण कष्टाने.)

आता उरली ती वावरातली सीडी. मी आणि वर्षा मंडईच्या आधीच सासुरवाडीला पोचलो. "मामाजी, जरा तूर पाहून येऊ," मी म्हणालो. मला तूर आणि तण यातला फरक कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तेही मागोमाग आले. सीडी लटकत होती. उन्हाने रंग उडालेला, जागोजागी ओरखडे, आणि वरच्या दोरीवर एक साळुंकी खुशाल बसलेली. म्हणजे नाटकही गेलं आणि पाखरंही भिईनात!

"सीडी काऊन पाहून राह्यले जी?" मामाजींनी विचारलं, आणि मी भडाभडा सगळं ओकून टाकलं.

"म्हंजे माहं नाटक गेलं?"

"हाव जी."

त्यांनी सीडी दोरीवरून सोडली, धोतराला पुसली आणि घराकडे चालू लागले. आई-बहिणीवरून उद्धार केला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तर सासूबाई, आमच्या मामीजी, आमची तोंडं बघून म्हणाल्या, "असे काऊन बसले मौतीले आल्यावानी? सीडी वावरात जाच्या आंधीच्या दिवाळीले सगळ्याईनं टीव्हीवर पाह्यलं, तवा मी मोबाईलात काढलं ना पुरं!"

मी मामीजींच्या पाया पडलो. लोटांगणच घातलं म्हणा. वर्षा म्हणाली, "एकदा लावून तर पाहा." मी म्हणालो, "नको! उगाच हात लावून बिघडवाचं कायले?" शहाणपण आलं होतं ना मला!

मंडईत पडदा बांधला, भोंगे लावले. फेटा बांधलेले मामाजी पहिल्या रांगेत. पडद्यावर त्यांनी मिशीवर ताव देत गर्जना केली, "या गावाचा मालक मी आहे!"

आणि भोंग्यातून दुसराच आवाज आला, "मालक, आंधी धोतर सांभाळा, सुटून राह्यलं!"

तो आवाज माझा होता. त्या दिवाळीला टीव्हीसमोर मी वर्षाच्या कानात कुजबुजत होतो आणि शेजारी मामीजी मोबाईल धरून बसल्या होत्या! सगळं गाव हसलं. मामाजी पडद्यावर संतापाने थरथरले. भोंगा म्हणाला, "ॲक्टिंग करून राह्यले का पोट दुखून राह्यलं?" मी धावत गेलो, "बंद कर बे!" ऑपरेटर म्हणाला, "राहू द्या जी, पब्लिकले मजा येऊन राह्यली." शेवटी पाटील छातीत गोळी लागून तडफडू लागला, आणि भोंग्याने हात जोडले, "मरा ना जी आता, जेवन थंडं होऊन राह्यलं!"

शिट्ट्या, टाळ्या! नाटक झालं तेव्हा पडल्या नसतील एवढ्या. मामाजी उठले, माझ्याकडे एकदा शांतपणे पाहिलं, आणि माईक हातात घेतला.

"सगळ्याईनं आपापल्या मोबाईलात घेऊन ठेवा हे. जवाईबापूच्या भरोशावर ठेवू नका!"

लोकांनी घेतलं. सोयऱ्यांना पाठवलं, सोयऱ्यांनी त्यांच्या सोयऱ्यांना. परवा सिरोंच्याहून ऑफिसात आलेला, तेलुगूशिवाय अक्षर न बोलणारा माणूस माझा आवाज ऐकून थबकला आणि पोट धरून हसला. बॅकअप म्हणतात तो हा! आता मी फॉरमॅट मारायचा म्हटला तरी अख्खे दोन जिल्हे मारावे लागतील.