देवदूताचं नाक

इटलीतल्या लेच्चे शहरातला एकही कोरीव दगड दोनाताच्या नजरेतून सुटलेला नाही, असं लोक म्हणत. जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीसाठी तिनं एकतीस वर्षं चर्चं, कमानी आणि सज्जे यांचे फोटो काढले होते. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून फिरायला आलेल्या हौशी लोकांना ती शनिवारी सकाळी फोटो काढायला शिकवू लागली. दोन महिन्यांतच तिला त्यांची किळस यायला लागली. पास्तिच्चोत्तो ही इथली गोड पेस्ट्री खाऊन तुपकट बोटं चारशे वर्षांच्या खांबाला पुसायची, इमारतीकडे धड बघायचंसुद्धा नाही, आणि आल्याबरोबर विचारायचं, "कुठं उभं राहिलं की फोटो चांगला येतो?"

त्या शनिवारी एका जुन्या चर्चसमोर चौघं जमले होते. त्यांतला रुज्जेरो बोलोन्याचा दातांचा डॉक्टर. कॅमेरा महागडा आणि तोंड सतत चालू.

"सिन्योरा, माझ्या फोटोत चर्च मागे कलंडतंय."

"कलंडणारच. कॅमेऱ्याचं नाक आभाळाकडे केलंत की भिंती मागे पडतात. सरळ धरा आणि मागे जा."

"मागे कचऱ्याचे डबे आहेत हो!"

"मग त्यांच्याशी ओळख करून घ्या."

बाकीचे हसले. दोनाता हसली नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना पंख असलेले दोन बाळदूत कोरले होते. ती त्यांच्याकडे बोट दाखवून सांगू लागली, "आत्ता नऊ वाजता ऊन बाजूनं येतंय, म्हणून गालांना गोलाई दिसतेय. दुपारी या, हेच चेहरे लाटून काढल्यासारखे सपाट दिसतील. आधी नुसते बघा. कॅमेरा नंतर."

दुसऱ्या एका बाईंचा कॅमेरा बघायला ती वळली, तेवढ्यात मागे घासल्याचा आवाज आला. रुज्जेरो जोत्यावर चढून ओल्या कागदी रुमालानं डावीकडच्या बाळदूताच्या गालावरची कबुतराची घाण खसाखसा पुसत होता. खाली उतरून त्यानं रुमाल अभिमानानं पुढे केला. त्यावर पिवळी पूड होती.

"बघा, किती मळ निघाला!"

"मळ नाही तो," दोनाता म्हणाली. "गाल आहे त्याचा."

 इथला दगड इतका मऊ, की नख मारलं तरी उमटतं. पण त्या पुडीचा वास तिच्या ओळखीचा होता, आणि खरी किळस तिला त्या ओळखीची आली. ती उजवीकडच्या बाळदूताजवळ गेली. त्याला नाक नव्हतं.

"हे मी केलंय," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षांची होते. फोटो स्वच्छ यावा म्हणून काळं शेवाळ तारेच्या ब्रशनं घासलं. नाक माझ्या तळहातावर येऊन पडलं. आणि नोंदीत मी लिहिलं, 'आधीपासून तुटलेलं'."

हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. कुणीतरी रागावेल, निदान मान तरी खाली घालेल, असं तिला वाटलं होतं. पण चारही कॅमेरे एकदम वर आले.

"सिन्योरा, हात तसाच ठेवा ना, नाकाजवळ," रुज्जेरो म्हणाला. "ऊन काय सुंदर पडलंय!"

दोनातानं हात झटकन खाली घेतला. "झाला वर्ग. चला, निघा."

"अहो, पण अजून घंटाघर—"

"निघा म्हटलं ना!"

सोमवारी ती आपल्या जुन्या कचेरीत गेली. तिच्या हाताखाली शिकलेला ब्रिझिओ आता तिच्याच खुर्चीत बसत होता. तिनं दोन्ही बाळदूतांची हकीकत सांगितली. त्यानं नुकसानीच्या नोंदीचा अर्ज काढून पेन उचललं.

"डॉक्टरांचं लिहून घेतो," तो हळूच म्हणाला. "तुमचं राहू द्या ना. इतक्या वर्षांपूर्वीचं नुकसान लिहायला अर्जात रकानाच नाही, सिन्योरा. आणि कोण बघतंय आता?"

त्याच्या त्या मायाळू आवाजाचीही तिला शिसारी आली. तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचं पूर्ण नाव लिहायला सुरुवात केली.