जनकाबाईच्या अंगावरचा शर्ट

उंद्रीत नवी सून आली, की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी तिच्या कानाशी लागतं. जनकाबाईचा नवरा गेला म्हणे. फार जीव होता बिचारीचा, म्हणून ती अजूनही त्याचा शर्ट लुगड्यावर घालून वावरात जाते. सून हळहळते. जरा हळवी असली तर पदर डोळ्याला लावते.

हे साफ खोटं आहे. जनकाबाईचा नवरा उकंडराव ठणठणीत आहे. तो दिवसभर ओट्यावर बनियनवर बसलेला असतो, कारण त्याचे सगळे शर्ट एकतर जनकाबाईच्या अंगावर असतात, नाहीतर दोरीवर. आठवण कसली आली आहे, जित्या माणसाची लूट आहे ती.

लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवून कामाला जाणाऱ्या बाया गावात पुष्कळ आहेत. ऊन चटकत नाही, कपाशीच्या पऱ्हाटीनं हात खरचटत नाहीत. पण बाकीच्या बाया टाकून दिलेला, कॉलर विरलेला शर्ट घेतात. जनकाबाई चांगला बघून घेते. आणि तो घालून साऱ्या गावाच्या कपड्यांना नावं ठेवत फिरते.

तिची परीक्षा ठरलेली. समोरच्याचं कापड चिमटीत धरायचं, ओठांना लावायचं आणि पलीकडे फुंकर मारायची. फुंकर पार गेली तर माणूस पास. एका लग्नात तिनं नवरदेवाच्या कोटाला फुंकर मारली होती, आणि भर मांडवात निकाल दिला होता, "ह्याच्यातून वारा जात नाई. हा कोट नाई बाई, कुकर हाये. पोरगं शिजून राह्यलं आतमधी."

शेजारच्या नागसेनची पोरगी पुष्पांजली हा प्रसंग करून दाखवते, तेव्हा बघणारे पोट धरून बसतात. पुष्पांजली यंदा दहावी झाली. तिला दुसरं काही येवो न येवो, जनकाबाई येते. तो घोगरा आवाज, शेवटच्या शब्दावर दिलेला तो ठोसा, मध्येच नाक ओढणं, सगळं. भिंतीला भिंत लागून घर असल्यावर अभ्यास आपोआप होतो.

जनकाबाई आणि सागर, हा तिचा खास प्रयोग. गावातल्याच सागरनं अमडापूरच्या बाजारात डोंगर चढायच्या कपड्यांचं दुकान टाकलंय. ह्या भागात मुद्दाम डोंगर चढायला कोण जातं, हे त्याला कोणी विचारलं नाही. जनकाबाईनं तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं.

"काकू, ह्या टी-शर्टात घाम लगेच उडते."

"घाम उडते. अन् वास?"

"वास?"

"वास कुठं उडते बे? तो तं बसूनच राह्यते ना! अन् हे टोपीले जाळी कायले? गहू चाळाचे हायेत काय?"

इतकी शहाणी बाई स्वतः काय करते? ऊन लागू नये म्हणून शर्टाच्या खिशात कांदा ठेवते. आणि दुपारी भाकरीसोबत तोच कांदा बुक्कीनं फोडून खाते. पुष्पांजलीनं एकदा विचारलं, "मंग काकू, दुपारनंतर ऊन नाई लागत काय?"

"पोटात हाये ना आता. खिशापेक्षा पोट जवळ."



तर यंदा वैशाख पौर्णिमेला विहार समितीनं उकंडरावाला मान दिला. विहारापासून गावामागच्या टेकडीपर्यंत पंचशील ध्वज त्यानं धरायचा आणि वर पोचल्यावर वंदनाही त्यानंच सांगायची. उकंडरावाकडे जन्मात कोणी काही मागितलं नव्हतं, शर्ट सोडून. तो आठवडाभर ओट्यावर वंदना घोकत बसला. पण पौर्णिमेला सगळे पांढऱ्यात येतात, आणि पांढरा शर्ट त्याच्याकडे एकच होता. सुती, लांब बाह्यांचा. तो घालून जनकाबाई भुईमूग उपटायला जात होती.

भिंतीपलीकडून पुष्पांजलीनं सगळं ऐकलं.

"ये, तो पांढरा शर्ट मले लागते."

"काऊन? ओट्यावर ऊन येऊन राह्यलं काय?"

"झेंडा धरतो ना मी."

"मंग धरा. झेंड्याले बाह्या लागतात काय? तो चौकड्याचा घाला."

"चौकड्याचा? पौर्णिमेले? अवं, तूच म्हणते ना, उन्हात जो, त्याचा शर्ट? त्या दिवशी मी उन्हात हाये."

"अन् मी काय माजघरातून टेकडी चढतो?"

उकंडराव पुन्हा वंदना घोकायला लागला. त्याचं भांडण नेहमी इथेच संपतं.

संध्याकाळी नळावर पुष्पांजलीनं जनकाबाईला छेडलं. "काकू, तुमच्या दीपमालाताईनं सासरहून तुमाले नवं पांढरं पातळ आणलं म्हणे. पौर्णिमेले तरी त्याच्यावर शर्ट नका घालू. फोटोत बुजगावणं दिसान."

"मी घालनच."

"नाई घालणार. लागली पैज?"

"लागली. हरली तं सुट्टीभर मायासंगं भुईमूग उपटाले याचं. कपडे मी देईन ते."

"अन् तुमी हरल्या तं सुट्टीभर तुमची नक्कल, तुमच्याच ओट्यावर. तुमी पुढं बसाचं."

आता पैज लावून नशिबावर सोडून देईल ती पुष्पांजली कसली? पौर्णिमेच्या आदल्या दुपारी जनकाबाई चक्कीवर गेली. शर्ट दोरीवर वाळत होता. उकंडराव ओट्यावरून त्याच्याकडे असा बघत होता, जसं काही ते दुसऱ्याच्या झाडाचे आंबे आहेत. भिंतीआडून घोगरा आवाज आला.

"आवो! तो पांढरा शर्ट काढा अन् ठेवा तुमच्या पेटीत! उद्या तुमीच घाला! अन् मले पुन्हा विचारू नका, माहं मन फिरन!" शेवटी नाकही ओढलं.

"हाव," म्हणून उकंडराव उठला. आवाज कुठून आला, हे त्यानं वळून पाहिलं नाही. त्या आवाजाला हाव म्हणायचं, एवढंच त्याला ठाऊक. पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली मुठीत गेली.

पौर्णिमेला विहारापुढे उकंडराव आला, तेव्हा लोकांनी आधी त्याला ओळखलंच नाही. बाह्या असलेला उकंडराव कोणी पाहिला होता? तांब्यात निखारे घालून शर्टावर इस्त्री फिरवलेली. ध्वज धरून तो ताठ चालू लागला. जनकाबाईचा पत्ता नव्हता. रुसली असेल, असं समजून पुष्पांजली खूश झाली, आणि ओट्यावर पहिल्या दिवशी कोट करायचा की कांदा, ह्याचा विचार करू लागली.

टेकडीच्या पायथ्याशी मागून घोगरा आवाज आला. "थांबा ना बे, मले येऊ द्या!"

जनकाबाई. नवं पांढरं पातळ, आणि वर पांढराशुभ्र लांब बाह्यांचा शर्ट. खिसा कांद्यानं फुगलेला. खिशाच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग होता. तो डाग पुष्पांजलीनं स्वतःच पाडला होता, बाबाच्या शर्टावर.

सगळ्यांच्या मागून नागसेन येत होता. बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून.

"बाबा, शर्ट?"

"त्या म्हणल्या तू द्याले सांगतलं."

जनकाबाई पोरीच्या कानाशी वाकली. "रात्री आमच्या ह्यायले शर्ट मागतला. तं म्हणतात, तूच म्हणली, तुमी घाला. असं मी मरताना बी बोलणार नाई, हे मले ठाऊक ना! पण ह्यायनं किल्ली सोडली नाई. पहिल्यांदा सोडली नाई! बोलली तं बोलली म्हणे, आता शर्ट माहा." तिनं नाक ओढलं. "मंग म्हटलं, भिंतीपलीकडून माहा आवाज गेला, तं भिंतीपलीकडचा शर्ट मी घेतो."

वर उकंडरावानं वंदना सांगितली. एकदाही अडखळला नाही. जनकाबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती, आणि तेवढा वेळ तिनं कोणाच्याच कपड्यांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती नागसेनच्या दारात हजर. हातात उकंडरावाचा चौकड्याचा शर्ट, काखेत फाटलेला.

"घाल."

पुष्पांजलीनं शर्ट हातात घेतला, बाही चिमटीत धरली, ओठांना लावली आणि पलीकडे फुंकर मारली. मग तिच्या लक्षात आलं. वावरात निघालेल्या बाया मागे उभ्या राहून फिदीफिदी हसत होत्या.

जनकाबाई हसली नाही. "जाते का वारा?"

"जाते."

"मंग चाल. अन् कांदा घे."