बशीतला चहा

दादा आता चहावर फुंकर मारत नाही. बशीत ओततो आणि तो निवायची वाट बघत बसतो. नाकात ऑक्सिजनची नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. मी समोर बसून त्या चिमट्यावरचा आकडा वाचत राहतो. जरा खाली आला की नळी नीट बसलीय का ते बघतो.

माझ्या या थोरल्या भावाला फुफ्फुसाचे दोन आजार आहेत. एक आजार फुफ्फुस आकसवतो, दुसरा फुगवतो, आणि तपासणीत दोन्ही एकमेकांना झाकून घेतात. गेल्या वर्षी नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली, तेव्हा आकडे जवळजवळ ठीक आले. कागद मीच वाचला. नंतर दादा जिन्याच्या वळणावर थांबला, तर मी वरून ओरडलो, "रिपोर्ट चांगलाय की! नाटकं पुरे." तो हसून चढला. त्याचे ओठ निळे पडले होते. मला दिसले होते. तरी मी कागदावरच विश्वास ठेवला, कारण तेच सोपं होतं.

आमच्या घरातही त्याचं न सांगणं आणि माझं न विचारणं असंच एकमेकांना झाकत आलंय. बाहेरून सगळं ठीक.

आज मी वाकून त्याच्या बशीवर फुंकर मारली.

"अरे, थुंकी उडवशील!"

"दादा, त्या दिवशी तुझे ओठ मला दिसले होते."

माझी नजर पुन्हा चिमट्याकडे वळली.

"आकडा काय बघतोस," तो दम घेत म्हणाला, "माझ्याकडे बघ."