साहेब येईपर्यंतची कविता

बीडच्या आमच्या वाचनालयात दर वर्षी मराठी भाषेच्या दिवशी कविसंमेलन होतं. कविता तोंडी लावण्यापुरती, मुख्य जेवण सत्कारांचं. उद्घाटनाला कुणीतरी साहेब बोलावलेले असतात आणि साहेब कधीच वेळेवर येत नाहीत. मग तोवर लोक उठून जाऊ नयेत म्हणून गावातल्या कवींना माइकवर उभं करतात. साहेब आले की खरा कार्यक्रम सुरू: दिवा, हार, शाली, भाषणं, आणि शेवटी बाहेरगावचे मोठे कवी. हा रिवाज मला चांगला माहीत होता. तरी त्या वर्षी मी आपणहून म्हटलं, "माझं नाव आधी घ्या."

कारण आबा, माझे वडील, आले होते. लिंबागणेशच्या पुढच्या आमच्या गावाहून, इस्त्रीचं धोतर नेसून. त्यांना परतीची शेवटची गाडी गाठायची होती. "कवितेनं पोट भरतंय का?" असं आयुष्यभर म्हणणारा माणूस पहिल्यांदाच माझी कविता ऐकायला आला होता, आणि कविता त्यांच्यावरच होती, आमच्याच बोलीत. पहिल्या दोन कडव्यांत ते मला खांद्यावर बसवून कपिलधारचा धबधबा दाखवायला नेतात. पुढच्या दोन कडव्यांत मी विचारते, मग सातवीनंतर माझी शाळा कावून सोडवली? भावांना पुढं शिकवलं आणि मला धारूरला देऊन टाकलं, ते कावून?

राहिलेलं शिक्षण मी सासरी केलं, दोन लेकरं झाल्यावर, चुलीपुढं पुस्तक धरून; बीडला आम्ही नंतर आलो. पण हे तोंडावर विचारायची हिंमत चाळिशी उलटली तरी झाली नव्हती. माइकवरून होईल असं वाटलं.

दुसरं कडवं संपलं. समोर आबा उपरण्यानं डोळे पुसत होते. मी तिसऱ्यासाठी श्वास घेतला आणि बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माझ्या हातातून माइक काढूनच घेतला. "ताई, थांबा, साहेब आले!" सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. आबाही उभे राहिले. त्यांना वाटलं, लोक माझ्यासाठीच उठलेत.

शाली सुरू झाल्यावर मी सरांना गाठलं. "सर, माझी अर्धी राहिली."

"तुमचं झालंच की, ताई. एकदा नाव झालं की झालं. पुन्हा घेतलं तर बाकीचे बोंब मारतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडं साहेब भाषणात हसत हसत सांगत होते की आपल्याला कवितेतलं काही कळत नाही, आणि लोक त्यालाही टाळ्या देत होते. वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांना कुलपं लावून असल्या माणसाला दिवा लावायला बोलावतात, आणि वर त्याला भाषेचा गौरव म्हणतात.

आबा गाडीसाठी उठले. मी दारापर्यंत गेले. ते म्हणाले, "लई ग्वाड म्हणलीस, बाई. इतकी वर्सं मला वाटायचं, तू माझ्यावर राग धरून हायस."

मी "सावकाश जा," म्हटलं.

त्यांनी गावभर डांगोरा पिटला, लेकीनं वाचनालयात बापावर कविता म्हणली म्हणून. पुढं दिवाळीला माहेरी गेले, तर त्यांनी अंगणात शेजारीपाजारी जमवूनच ठेवले होते. "म्हण बाई, ती आपली कविता." मी मनाशी ठरवलं, आज पूर्ण म्हणायची. दोन कडवी म्हटली. तिसऱ्याचा पहिला शब्द ओठांवर आला, तेवढ्यात आबांनीच टाळी वाजवली. माझ्याकडं न बघता ते लोकांना म्हणाले, "एवढीच हाय ती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांना कुणी पुढच्या कडव्यांचं सांगितलं होतं, की दोन कडवी ऐकूनच त्यांना पुढचं कळलं होतं, देव जाणे. मी खाली बसले. इथं तर कुणी साहेबही आले नव्हते.