टॉवेलचा भागाकार

अनिसा बाईंचा राग साऱ्या शाळेला ठाऊक होता. खडू मोडल्याचा आवाज आला, की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. गंमत म्हणजे मुलांवर त्या कधी रागावत नसत. त्यांचा राग होता तो मोठ्या माणसांवर, आणि तो बावीस वर्षांच्या नोकरीत जरासुद्धा कमी झाला नव्हता. नवरा आसिफ म्हणायचा, "तुझा हा राग एक दिवस नोकरी खाणार." बाई म्हणायच्या, "खाऊ दे."

राग जुना होता. मोडनिंबला हायवेलगत त्यांच्या वडिलांचं, राजेसाबचं, पंक्चरचं दुकान. घरात दखनी उर्दू बोलायचे, शाळेत मराठी. पहिलीचं सबंध वर्ष अनिसा तोंड उघडून एक शब्द बोलली नाही, आणि गुरुजींनी ती मठ्ठ आहे असं ठरवून टाकलं. दुकानात मात्र तीच पोर कुठल्या गाडीला कुठला पाना लागतो ते न चुकता काढून द्यायची. हे बघायला गुरुजी कशाला येतील तिथं?

म्हणून चौथीच्या वर्गात गंगम्मा गप्प बसलेली दिसली, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. सात रस्ता चौकापासून दहा मिनिटांवर एक खोली, माणसं अक्कलकोटकडची, घरात कानडी. आई कारखान्यातून टॉवेल आणायची, घड्या घालून डझनाडझनाचे गठ्ठे बांधायची. बाईंनी सहज विचारलं, "सत्त्याऐंशी टॉवेल आले तर गं?"

"सात गठ्ठे, तीन सुटे," गंगम्मा म्हणाली. बोटं मोजली नाहीत, वर बघितलं नाही.

बाई घरी येऊन नुसत्या धुमसत राहिल्या. वर्षभर या मुलीच्या वहीत भागाकारावर लाल फुल्या पडत होत्या, आणि त्या बाईंनी स्वतःच मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरातले जुने टॉवेल फाडून, त्याचे तुकडे पिशवीत भरून त्या वर्गात घेऊन आल्या. आधी गठ्ठे बांधायचे, मग तोंडानं सांगायचं, कानडीत सांगितलं तरी चालेल, आणि सगळ्यात शेवटी वहीत मांडायचं. महिन्याभरात वर्गातली कच्ची पाचही मुलं भागाकाराला हात घालू लागली. फक्त त्यांना वेळ लागायचा.

आणि वेळच तर मुख्याध्यापक महिपती सरांकडे नव्हता. शाळेची पाहणी ठरली होती. आदल्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं. "बाई, ती पाच मुलं उद्या घरी राहू द्यात. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"सर, ती शिकतायत."

"शिकू देत की. परवापासून शिकू देत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हातून हे व्हायचं नाही," एवढंच बोलून त्या बाहेर पडल्या. त्यांना वाटलं, विषय संपला.

सकाळी वर्गात पाच जागा रिकाम्या होत्या. बाईंनी वर्ग शेजारच्या ऋतुजा मॅडमच्या हवाली केला आणि स्कूटी काढली. पाहणीचे साहेब यायला पाऊण तास होता. सगळ्यात जवळचं घर गंगम्माचं.

"सिद्धाराम शिपाई सांगून गेला की," आई म्हणाली. "साहेब येनार हायेत, हिला काय येत न्हाय, शाळेचं नाव जाईल म्हनला. आमी काय बोलनार बाई?"

हे सगळं त्या पोरीसमोर. गंगम्मा खाली मान घालून टॉवेलच्या घड्या घालत होती. बाईंना वाटलं, असंच जाऊन सरांच्या टेबलावरची काच फोडावी. "दप्तर घे," त्या म्हणाल्या. बाकीच्या चौघांकडे जायला वेळ उरला नाही, आणि तेही त्यांना जिव्हारी लागलं.

साहेब आले. हातात टॅब, नजर टॅबमध्ये. त्यांनी नेमकं गंगम्माकडे बोट केलं. "एकशे बत्तीस भागिले बारा."

गंगम्मा गप्प. महिपती सरांनी बाईंवर डोळे वटारले. साहेबांचं बोट पुढं सरकलं.

"थांबा," बाई जवळजवळ ओरडल्याच. "टॉवेल म्हणून विचारा तिला."

"तसं यात नाहीये हो बाई."

"यात नसेल. तिच्यात आहे. गंगम्मा, एकशे बत्तीस टॉवेल आले."

"हन्नोंदु," ती कानडीत म्हणाली. मग हळूच, "अकरा गठ्ठे. सुटं काय न्हाय." आणि फळ्याकडे जाऊन तिनं भागाकार मांडलासुद्धा.

साहेबांनी पहिल्यांदा टॅब खाली ठेवला. त्याबरोबर महिपती सर पुढे झाले. "हा आपल्या शाळेचाच उपक्रम आहे सर. मी मुद्दाम राबवून घेतला. प्रत्येक मुलाकडे व्यक्तिशः लक्ष!"

बाईंच्या हातातला खडू मोडला. माणसानं निर्लज्ज असावं तरी किती!

"छान," साहेब म्हणाले. "पट एकतीस, हजर सत्तावीस. बाकी चौघं?"

"तापाची साथ आहे हो सर सगळीकडे," महिपती सर म्हणाले.

गंगम्मा अजून फळ्यापाशीच उभी होती. जिचा आवाज सरांनी आजवर ऐकला नव्हता, ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "ताप न्हाय आला त्यास्नी. सरांनीच येऊ नका म्हनून सांगितलंय. मलाबी सांगितलं हुतं."

"ए, खाली बस गं," महिपती सर खेकसले.

"बसू नकोस," अनिसा बाई म्हणाल्या. "उभी राहा, आणि साहेबांना सगळं सांग."