टाचणीखालची चिठ्ठी

भुंगेमामा माणसं चपलांवरून ओळखत. चालताना नजर कायम जमिनीवर, त्यामुळे आमच्या कॉलेजात कितीतरी प्राध्यापकांचे चेहरे त्यांच्या नीट लक्षात नव्हते. मी नोकरीला लागले तेव्हा वर न बघताच ते म्हणाले होते, "नवीन मॅडम दिसताय." ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. गाव मुरगूड, शिक्षण दहावी. आणि भुंगेऱ्यांतलं त्यांना जेवढं कळे, तेवढं आम्हा पदव्यावाल्यांना कळत नसे, हे आम्ही सगळे जाणून होतो. कबूल कुणी करत नसे.

त्यांचा जीव होता तो एका काळ्या, बिनपंखी भुंगेऱ्यावर. त्याच्या पाठीवरची दोन झाकणं एकमेकांना चिकटलेली, खाली पंखच नाहीत. हा गडी दाजीपूरकडच्या रानात सापडतो, तसा आंबा घाटाकडेही. आमचे विभागप्रमुख दोन्हीकडची जात एकच म्हणत. मामा म्हणत, एक नव्हेत.

विद्यार्थी हाती लागले की ते कारण सांगायला बसत. "लय म्हागं, माणूस हिकडं यायच्या आधी, थंडी वाढली आन् पाऊस हटला. रान आकसलं. जिथं घळीत वल ऱ्हायली तिथंच ह्यो अडकला, दोन डोंगरांवर दोन टोळ्या. पुढं पाऊस परत आला, रान पसरलं. पर बिनपंखी गडी चालून चालून किती चालणार?" मग ते भावाभावांचं उदाहरण देत. दोघे वेगळे झाले, एक बिद्रीला राहिला, एक कुरुंदवाडला गेला, तर चार पिढ्यांत नातवंडांची बोली बदलते. इथं तर हजारो पिढ्या गेल्या. मुलं हसत, पण परीक्षेत हेच लिहीत आणि पास होत.

रानात त्यांची एक शिस्त होती. दगड उचलला की खाली बघायचं आणि होता तसाच परत ठेवायचा. भुंगेरा मिळाला की तिथंच, उभ्या उभ्या, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायची: डोंगर, घळ, तारीख. ती चिठ्ठी पुढं भुंगेऱ्याच्या टाचणीतच ओवलेली असे. बाकी त्यांच्या खोक्यांना काही रूप नव्हतं. बुटांची, मिठाईची, एक तर साड्यांचं. नोकरीची सगळी वर्षं त्या खोक्यांत होती. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं; त्याआधी आम्ही दोघांनी शोधनिबंध पाठवायचा आणि त्यांचं नाव पहिलं घालायचं, असं ठरलं होतं. त्या एका गोष्टीसाठी मात्र ते अधीर असत.

त्याच वर्षी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. संग्रहालय देखणं दिसावं असा वरून हुकूम निघाला आणि संग्रहालय माझ्याकडे होतं. मामा मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर. मी सगळे भुंगेरे खोक्यांतून काढले, काचेच्या नव्या पेटीत आकाराप्रमाणे आणि तकाकीप्रमाणे रांगेनं लावले. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या वाईट दिसत होत्या, म्हणून त्या काढल्या आणि छापील नावाची एक पट्टी खाली चिकटवली. चिठ्ठ्या केरात गेल्या. समितीनं पेटीचं कौतुक केलं आणि मी ते खुशाल घेतलं.

मामा परत आले, पेटीवर वाकून एकेक टाचणी बघत गेले. मग म्हणाले, "किडं हायत की सगळं. पर कुठलं कुठलं, ते गेलं." ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी घाईनं म्हणाले, तुम्हाला तर नुसतं बघून कळतं, आपण बसून परत चिठ्ठ्या लावू. प्राचार्यांनीही तेच सुचवलं.

"लावतो की, डोळं झाकून लावतो," मामा म्हणाले. "पर उद्या मी म्हणणार दोन डोंगरांचं किडं येगळं. कशावरनं? तर मीच येगळं काढलं म्हणून. ही लबाडी झाली, मॅडम."

पदवी माझ्याकडे होती आणि शास्त्र त्यांच्याकडे. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

निवृत्त झाल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून निघाले. वनखात्याची परवानगी मी माझ्या नावावर काढली. तेवढंच माझ्या हातात होतं. दोन पावसाळे ते दाजीपूरकडच्या घळी फिरले आणि एक खोकं भरलं. गुडघे बोलायला लागले होते. आंबा घाटाचं पुढच्या पावसाळ्यात बघू म्हणाले. उन्हाळ्यातच ते गेले. मुरगूडला त्यांच्या दारात बुद्धवंदना चालू असताना आंब्याचं काम आता माझं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आंब्याला मी तीन पावसाळे गेले. दगड उचलले, परत ठेवले, जागेवर चिठ्ठ्या लिहिल्या. मोजमापं घेतली तेव्हा आंब्याकडच्याची मान अरुंद निघाली, एकूण एक भुंगेऱ्याची. मामांचं खरं ठरलं. निबंध छापून आला, त्यांचं नाव पहिलं, शेजारी दिवंगत अशी खूण.

काचेची पेटी अजून संग्रहालयात आहे. आता मलाही नुसतं बघून कळतं, कुठला कुठल्या डोंगराचा. निबंधात मोजलेल्या भुंगेऱ्यांत मात्र त्या पेटीतला एकही नाही.